आक्काचं न्हाणं

फोन आला तेव्हा आमची गाडी ढोकीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली होती. मी एसटीत कंडक्टर आहे. गळीत हंगामात त्या रस्त्याला जोड ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं आला की ड्रायव्हरनं चरफडायचं आणि मी जांभया द्यायच्या, एवढाच उद्योग उरतो. ड्यूटीवर मी फोन घेत नाही, पण दाजींचं नाव दिसलं आणि उचलला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. ते स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाहीत. "सुरेखा, आक्का गेली," एवढंच म्हणाले. सकाळचा चहा पिऊन तिनं कपबशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली, ती टेकलीच, हे नंतर कळलं. हृदय बंद पडलं म्हणे...

आता महिना उलटून गेला, तेव्हा खरं ते लिहून टाकते. बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस आधी रडतं. मी रडले नाही. मला धडकी भरली ती वेगळीच. आता तिला अंघोळ घालतील. मी पोचायच्या आत बायका तिला अंगणात घेतील, अंबाडा सोडतील आणि तिचं डोकं बघतील. "म्या मेले तर माझं डोकं तूच धू. दुसऱ्या कुनाचा हात लागू दिऊ नको," असं तिनं मला शपथ घालून सांगितलं होतं, आणि ते एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि मी ढोकीच्या रस्त्यावर, गळ्यात बॅग, हातात तिकिटाचं मशीन घेऊन उभी. मी दाजींना परत फोन लावला. "मी आल्याबिगर अंघोळ घालू नका, दाजी." मागं बायकांचा आकांत चालला होता. "बघतो," म्हणाले. मयताच्या घरात पुरुषमाणसाच्या 'बघतो'ला काय अर्थ असतो, हे सांगायला नको.

डेपोत येऊन मशीन जमा केलं आणि भूमच्या गाडीत प्रवासी म्हणून बसले. खिडकीपाशी जागा मिळाली, पण नजर सगळी रस्त्यावर. हा ड्रायव्हर गाडी इतकी हळू का चालवतोय, येडशीला हात केला त्या म्हाताऱ्याला घ्यायलाच हवं होतं का, असे नाही नाही ते विचार. एरवी हातातली काठी आणि गाठोडं सांभाळत येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी मीच बेल मारून गाडी थांबवते.

आक्काचं सासर भूमच्या अलीकडं माळावर. घरात म्हशी आणि खव्याची भट्टी. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या डोक्याला खाज सुटली आणि पांढरे पापुद्रे पडायला लागले. सगळे म्हणाले, कोंडा आहे. दही लावून झालं, कडुलिंबाचा पाला झाला, बाजारातलं कसलंसं काळं तेल झालं. लिंबू चोळलं त्या दिवशी ती न्हाणीत ओरडली ती शेजारच्या आळीला ऐकू गेली. पापुद्रे वाढत गेले. काळ्या साडीवर तर खांद्याशी पीठ सांडल्यासारखं दिसायचं. भट्टीच्या धगीत खाज आणखी उसळायची, मग तिची नखं डोक्यात.

सासू गेल्यापासून ते घर थोरल्या जाऊबाईंच्या हुकमात. त्यांना सगळं गाव नानी म्हणतं. बाई कडक, पण मनानं दुष्ट नाही, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा येत नव्हतं. त्या एक दिवस आक्काला म्हणाल्या, "इंदू, तू आता कढईजवळ बसू नको. खव्यात पडंल." खव्यात काही निघालं तर व्यापारी पुन्हा दारात येत नाही, हे खरंच होतं. पण कढई गेली, मग परात गेली, मग लोक तिच्या हातचं पाणी घेताना तांब्यात बघायला लागले. आक्का गोठ्यात गेली. शेणाला कुणाची ना नव्हती.

फणी लावली की रक्त यायचं, म्हणून तिनं विंचरणं सोडलं. पाणी लागलं की आग, म्हणून न्हाणं सोडलं. मानेवरचे केस पापुद्र्यांत चिकटत चिकटत त्यांचा एक कडक गोळा झाला. एका शुक्रवारी तिचा पदर सरकला, नानींनी तो गोळा बघितला आणि हातातली बादली ठेवून सरळ हात जोडले. "जट आली! आई आली माझ्या घरात!"

त्या दिवसापासून सगळं पालटलं. जटेला हळदकुंकू लागलं. बायका ओटी घेऊन यायला लागल्या. नव्या घाण्याच्या कढईला आधी आक्काचा हात लावून घ्यायचा, मगच दूध ओतायचं, असा नानींचा नेमच झाला. जटेला पाणी लावायचं नाही, फणी नाही, कात्रीचं तर नावही काढायचं नाही. मी गेले तेव्हा ती पाटावर बसली होती आणि गावच्या पाटलीणबाई तिच्या पाया पडत होत्या. मला ती बरी दिसली नाही. डोळे लाल, अंगात कणकण. खोलीत जवळ बसले तर उदबत्तीच्या वासाखालून दुसराच वास येत होता. मी जटेच्या मुळाशी बोट लावलं. कढत होतं, आणि बोट ओलं झालं.

"आक्का, ही जट न्हाय. आत पिकलंय. चल दवाखान्यात."

तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "इतकी वर्सं यास्नी माझ्या हातचं पीठ नको व्हतं, सुरे. आता पाया पडत्यात. र्‍हाऊ दे की थोडे दिवस."

मला राग आला, रडू आलं आणि भीतीही वाटली, सगळं एकदम. ताप वाढला तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. तुळजापूरला दर्शनाला नेते, असं नानींना सांगितलं आणि तिला माझ्याच गाडीत, कंडक्टरच्या सीटवर बसवून धाराशिवला आणलं.

कातडीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. हळदकुंकू बघून त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. म्हणाल्या, "मावशी, हा सोरायसिस आहे. कातडी गरजेपेक्षा फार लवकर नवी होते आणि जुनी साठत जाते. तुमची काही चूक नाही. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. फणीनं नाही, टॉवेलानं नाही, हातच्या खाण्यानं तर नाहीच." आक्कानं ते शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. कायमचा जाईल का, असं मी विचारलं. "जाईल म्हणून सांगत नाही. ताब्यात ठेवता येईल. पण औषध डोक्याच्या कातडीला लागायला हवं, केसांना नाही. हा गोळा काढावा लागेल."

गोळ्या-औषधांनी ताप उतरला. औषधी तेलानं पापुद्रे मऊ झाले, बरेच केस सुटले. मधला गाभा मात्र सुटेना. माझ्या स्वयंपाकघरात मी कात्री घेऊन तिच्यामागं उभी राहिले. मी बारावी सायन्स, घरात कधी अंगारा-धुपारा नाही, आणि मी कात्री दोनदा ओट्यावर ठेवली, दोनदा परत उचलली. खरंच देवी असली तर? आक्कानं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "आई, ही तुझी आसंल तर परत ये. माझी साल आसंल तर जाऊ दे." मग मला म्हणाली, "काप आता. वाट कुनाची बघतीस?"

खोटं बोलायचं तर निदान अर्धं खरं असावं, म्हणून आम्ही दोघी खरंच तुळजापूरला जाऊन आलो. घरी सांगितलं, आईनं जट परत घेतली. नानींनी आक्काच्या डोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घेतली? बरं झालं," म्हणाल्या आणि भट्टीकडं निघून गेल्या. ती नजर मला पुढं कित्येक दिवस झोपू देईना. त्यात त्याच महिन्यात त्यांची दुभती म्हैस दगावली. कुणी तिला दोष दिला नाही, पण आक्कानं धसका घेतला. डोक्यावर पुन्हा एक जरी चट्टा कुणाला दिसला तर देवी कोपली म्हणतील, परत हळदकुंकू लावतील, परत पाणी बंद... ही भीती तिला तिथून जडली. म्हणून ती शपथ.

मग आमचं न्हाणं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मी भूमची गाडी धरायची. आदल्या दिवशी तिनं तेल लावून ठेवलेलं असायचं. घरामागं पत्र्याची न्हाणी, तिथं ती पाटावर बसायची आणि मी तिच्या डोक्याला डॉक्टरांनी लिहून दिलेला डांबराचा शाम्पू लावायची. वास असा की नव्या सडकेवर उभं राहिल्यासारखं वाटावं. "माझ्या डोक्यावर रस्त्याचं काम चालू हाय," म्हणायची, "पर ठेकेदार बरा हाय." तो शाम्पू लावून लगेच पाणी ओतायचं नसतं, कातडीत मुरू द्यायचा असतो. तिला तेवढा दम निघायचा नाही. खाज सुटली की बोटं वर जायची आणि मी ओरडायची, "नखं लावू नको! फेस मुरू दे! ओरखडा उठला की तिथंच नवा चट्टा येतोय, कितींदा सांगू?" मग भांग पाडून थेंब थेंब लोशन. दोन्ही बाटल्या तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या लोशननं खाज अशी पळाली की डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं तरी ती रोज लावत राहिली, दुकानातून परस्पर आणवून. मग एकदम सोडलं, तर डोकं पूर्वीपेक्षा पेटलं, कपाळापर्यंत लाली उतरली. मी इतकी घाबरले की रजा टाकून तिच्याजवळ जाऊन राहिले. डॉक्टर रागावल्या, पण घडी पुन्हा बसली. थंडीत वाढायचं, पावसाळ्यात कमी व्हायचं. बरं झालं असं ती कधी म्हणाली नाही, "ताब्यात हाय" म्हणायची. परातही हळूहळू तिच्याकडं आली. कधी, कशी, ते आम्हाला कळलंही नाही. मी मात्र अजून कानामागं जरा खाज आली की आरशासमोर उभी राहते, पाठीमागं दुसरा आरसा धरून. आमची आई एक, रक्त एक. धास्ती जात नाही.

तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडवरच्या बाया गाडीत चढल्या आणि मला वाटलं, आता झालं असेल. आता तिचे ओले केस बाजूला करून कुणीतरी कुणालातरी दाखवत असेल. फाट्यावर उतरले ती पळतच निघाले.

आक्का अंगणात तिरडीवर होती. हिरवी साडी, कपाळभर मळवट. केस ओले, नीट विंचरलेले, मधोमध भांग. मला उशीर झाला होता. मी तिच्याजवळ बसले खरी, पण तोंडातून हुंदक्याऐवजी रागच बाहेर पडला. "डोकं कुनी धुतलं हिचं?"

"म्या," नानी म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला न्हाणीत नेलं. पत्रा लोटून घेतला. पाटाशेजारी ट्रंकेतली डांबराच्या शाम्पूची बाटली होती.

"तुमाला... कधीपासनं ठावं हाय?"

"तू तिला देवीला नेलीस, तवाच. आपसूक गेलेल्या जटेला कात्रीचा काप कुठनं येतुया?" त्या पाटावर बसल्या. मी त्यांना बसलेलं क्वचितच बघितलं होतं. "पयल्यांदा लई राग आला. म्हैस मेली तवा तर तुला बोलवून इचारनार व्हते. पर मग तिचं डोकं शांत झाल्यालं दिसाया लागलं. रातीची कण्हायची, ते बंद झालं. म्हणलं, जाऊ दे. आईला राग आसता तर हिला झोप दिली नसती."

"मग बोलला का न्हाय?"

"तिला वाटत व्हतं मला कळू नये. मग म्या कशाला कळू देऊ?" त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "बाकीच्या बायांना भाईर ठिवलं. एकटीनंच धुतलं. तू आत वराडायचीस ते भट्टीपर्यंत ऐकू यायचं की गं, सुरेखा. भाईर गडी 'उचला, उचला' करत व्हते. म्हणलं, थांबा. फेस मुरू द्या."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं. मयताच्या घरात कुणी नखाला पातं लावत नाही, आणि ही बाई तर सोमवारी नखं कापायची नाहीत हा नेमसुद्धा कधी मोडत नव्हती. नानींची दहाही नखं मुळापर्यंत कापलेली होती, एका बोटाला तर घाईत रक्त आलं होतं.