आतल्यांपुरता क्लास

कारखान्याच्या स्टोअरमधले सुटे भाग शोधून देणारं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. नोकरी कंत्राटी. आईचं डायलिसिस टाउनशिपच्या दवाखान्यात त्याच कंत्राटाच्या कार्डावर व्हायचं. कंत्राट गेलं की कार्ड गेलं.

शोधायचं खरं काम एक फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, करायची. तिच्यातला एक क्लास, म्हणजे एकच काम नेमून दिलेला प्रोग्रामचा तुकडा, भागांचे लांबलचक क्रमांक शोधासाठी अचूक तुकड्यांत तोडायचा. पण तो लायब्ररीच्या आतल्यांनाच दिसेल असा ठेवलेला. आमच्या सेक्शनने पूर्वीच तोड काढली होती: आपल्या पॅकेजला, म्हणजे क्लास ठेवायच्या कप्प्याला, लायब्ररीच्याच पॅकेजचं नाव दिलं. टाउनशिपच्या सोनागिरीकडच्या गेटवर बाहेरची माणसं कुठला तरी क्वार्टर नंबर सांगून आत येतात, तसंच.

ऑडिटने लायब्ररीची नवी आवृत्ती घालायला लावली. तिच्यात त्या क्लासचं नाव बदललेलं आणि पॅकेज बाहेरच्यांना कुलूपबंद. आमचा प्रोग्राम सुरूच होईना, आणि कंत्राट संपायला आलेलं. मी लायब्ररीवाल्यांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं: तो क्लास बाहेरच्यांसाठी कधीच नव्हता, नाव बदलताना कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. त्यात खोटं काहीच नव्हतं.

घरी बायको रोज एवढंच विचारायची, कार्डाचं काय झालं. शेवटी जुना क्लास उचलून आमच्या नावाने ठेवला. लायब्ररीच्या परवान्यात ते बसतं. शोध चालू झाला. मी जुन्याशी ताडून पाहिलं. एका बेअरिंगच्या पूर्वी अडतीस नोंदी यायच्या, आता छत्तीस. तो क्लास आतल्या आणखी दोन क्लासवर विसंबून होता आणि तेही बदलले होते.

कंत्राटावर सही करणारे साहेब नागपूरकडचे. म्हणाले, "अरे बाबा, दोनच तर कमी. मोजतंय कोण?"

"मी मोजलेत, साहेब. माल रॅकवर आहे आणि कॉम्प्युटर नाही म्हणतोय."

"मग 'काम पूर्ण' लिहू की नको? त्याशिवाय पुढचं पूर्ण कंत्राट होत नाही. तूच सांग."

नको, म्हणालो. त्यांनी कंत्राट महिनाअखेरपर्यंतच वाढवलं. चिडले नाहीत, खाली मान घालून सही केली.

दवाखान्यात कार्डावर मुदत म्हणून तीच तारीख पडली. आईच्या हातात सुई होती. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून सकाळची पाळी मिळते का विचार ना रे. दुपारचं ऊन सोसत नाही आता."

विचारतो, म्हणालो, आणि काउंटरपाशी जाऊन नुसता उभा राहिलो.