अण्णांच्या पोटातला फुगा

माझे वडील सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर फिटर होते. मशीनचं सगळं ऐकायचे, माणसाचं काहीच नाही. मूतखड्याची कळ उठली म्हणून मी अण्णांना परभणीला नेलं, तर सोनोग्राफीत खडा राहिला बाजूला, निघालं भलतंच. पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी चार सेंटिमीटरपर्यंत फुगली होती.

डॉक्टर म्हणाले, "आत रक्ताची गुठळीही धरलीय. आत्ता ऑपरेशन नको, पण फुगा वाढला तर फुटू शकतो, दर सहा महिन्यांनी मोजून जा. बिडी आजपासून बंद."

अण्णांनी त्यातला गुठळी हा एकच शब्द उचलला. स्टँडवर येईपर्यंत त्यांचा निकाल तयार.

"म्हंजे पाइप आतून जाड व्हायलाय. मंग फुटंल कसा?"

"अण्णा, डॉक्टर तसं न्हाई म्हणले."

"त्यांनी कदी पाइप खोलून बघितलाय का?"

सहा महिन्यांनी मी शाळेत रजा टाकली, तर हे सकाळीच कुणाच्या बारशाला निघून गेलेले. पुढच्या खेपेला चपला घालून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "दुखत तर काहीच न्हाई." झालं, परत बाजेवर. बिडी बंद होती, म्हणजे माझ्यासमोर बंद होती. आई गेल्यापासून त्यांच्याशी भांडायला घरात मी एकटीच.

मग एका रविवारी त्यांच्या बनियनला तेलाचा वास आला.

"देवगाव फाट्याला गेल्तो," ते म्हणाले. "बेंबीपाशी लय उडायलंय. बेंबी सरकली म्हणून एकाकडून चोळून घेतली."

"चोळून? जोरात?"

"मंग! हळू चोळून बेंबी जागेवर येती व्हय?"

मी इतकी ओरडले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना अक्षरशः ओढत परभणीला नेलं. फुगा साडेपाचच्या वर गेला होता. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"काका, ही गुठळी भिंतीला आधार देत नाही. तिच्याखालची भिंत उलट कमजोर होते. बघा, गुठळी जाड झालीय आणि फुगाही वाढलाय."

अण्णांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "माय, हे तू आदी नीट सांगायचं न्हाई का?"

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना.

मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. जांघेतून आत नळी सरकवून फुग्याच्या जागी बसवली. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटला अण्णा गुठळीचं असं समजावत होते, जणू शोध त्यांनीच लावला. मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तपासणी आता जन्मभर. परवा तारखेची आठवण दिली, तर म्हणाले, "नवी नळी टाकली न्हवं? तिला काय बघायचं?"

मी वाद घातला नाही. रिक्षावाल्याला फोन लावला आणि त्यांचा सदरा काढून बाजेवर ठेवला.