नकाशावरचा हात
अमोनियाचा उग्र वास आला की मला आखातातल्या अजमानमधली ती दुपार आठवते. नवऱ्याच्या कंपनीने वाळूत नवी वसाहत बांधायला घेतली होती आणि अमोनियाच्या वाफेवर छापलेली, अजून तसाच वास येणारी ताजी ब्लूप्रिंट दाखवून मत विचारायला आम्हा कुटुंबांना बोलावलं होतं. घरं आणि शाळा यांच्यामधूनच ट्रकचा रस्ता जात होता. मी विचारलं, "मुलं ओलांडणार कशी?" इंजिनिअर नकाशा गुंडाळत म्हणाला, "मॅडम, प्लॅन फायनल है, खलास." नवरा कुजबुजला, "गप्प बस, आपला व्हिसा त्यांच्या हातात आहे." मी नकाशावर हात दाबून धरला. "मग हमें पूछने क्यूं बुलाया?" शेजारची वसईची बाई उठली, तिनेही हात ठेवला, मागोमाग बाकीच्या बायका आल्या. शेवटी रस्ता वसाहतीच्या मागून गेला. त्या वर्षी नवऱ्याची बढती हुकली, आणि मला आजही त्याचं जराही वाईट वाटत नाही.