कॅम्पातला पोळ्यांचा डबा

रविवारी सकाळी मी नाशकातल्या द्वारका चौकाच्या थांब्यावर देवळाली कॅम्पच्या बसची वाट बघत उभी असायचे, तेव्हा समोरून अभ्यासकेंद्राकडे जाणारी बस निघून जायची. खरं तर मी त्या बसमध्ये असायला हवं होतं. लग्नात सुटलेलं बी.ए. मी चाळिशीला आल्यावर मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलं होतं आणि त्याचे वर्ग फक्त रविवारी भरत. पोळ्याही रविवारीच गोळा व्हायच्या. त्यामुळे बी.ए.चं शेवटचं वर्ष चिवट पाहुण्यासारखं माझ्याकडे मुक्काम ठोकून बसलं होतं, संपायचं नावच घेत नव्हतं.

पोळ्यांचं आधी सांगते. सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यांतून रुग्ण यायचे, त्यांच्यासोबत घरची माणसं यायची. रविवारी आवारातली खाणावळ बंद, मग ही माणसं चहा-बिस्किटांवर दिवस काढायची. म्हणून नव्वद सालाच्या सुमारास आमच्या सेवाभावी मंडळाने एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येक घराने रविवारी दोन पोळ्या जास्त लाटायच्या, गल्लीतल्या एका बाईने त्या मोठ्या डब्यात गोळा करून दवाखान्यात पोचवायच्या. नाशकातून हे लोण सिन्नर, मालेगावपर्यंत गेलं. नव्या गावात जाऊन पुढाकार घेईल अशी बाई शोधायची, तिच्यासोबत दारोदार हिंडायचं आणि तिचा जम बसला की डबा तिच्या हवाली करून आपण काढता पाय घ्यायचा, हे माझं काम. मंडळाचे प्रमुख म्हणजे आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक. ते दर बैठकीत बजावायचे, "आपण टेकू आहोत. भिंत उभी राहिली की टेकू काढून घ्यायचा." मालेगावात तो लगेच निघाला. तिथल्या यंत्रमागवाल्या घरांतल्या बायकांनी तर मला चहा पाजून, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल, असं हसत सांगितलं होतं. मी अडकले ती कॅम्पात.

कॅम्प म्हणजे लष्करी छावणी, तिथे काम उचलणाऱ्या बायका फौजी क्वार्टर्समधल्या होत्या. शिस्तीच्या, हौशी, पहाटे उठून कणिक मळणाऱ्या. पण बाईचा जरा जम बसला, की तिच्या नवऱ्याच्या बदलीचा हुकूम यायचा. पहिली आसामकडे गेली, दुसरी जम्मूला. जाताना दोघींनीही तेच केलं, जे आपल्यातली कुठलीही बाई करेल. डबा मला आणून दिला, घासूनपुसून लख्ख केलेला आणि भरलेला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं ना. पहिलीने शंकरपाळे भरले होते, दुसरीने चकल्या. घरात सगळे खूश. मी मात्र धसकायचे, कारण डबा घरी आला म्हणजे कॅम्प पुन्हा माझ्या गळ्यात. पुन्हा रविवारची बस, पुन्हा नवी बाई शोधणं, आणि परीक्षा पुढच्या वर्षावर.

कॅम्पाच्या बाजारातल्या बायकांना मी विचारलं नाही असं नाही. तिथल्या बांगड्यांच्या दुकानवालीने मला सरळ सांगितलं होतं, "पोळ्या देऊ की, लय देऊ. पन डबा नको. ते क्वार्टरवाल्यांचं काम हाय, आमी मधी पडनार नाय." फौजी बायकांनी सुरू केलं म्हणून ते त्यांचं झालं होतं, आणि त्या तर चार दिवसांच्या पाहुण्या.

सरांकडे गाऱ्हाणं नेलं तर ते प्रेमाने म्हणाले, "तुमच्याशिवाय कॅम्प उभाच राहणार नाही हो." असं कौतुक झालं की माणसाने बोलायचं काय? तोंडदेखलं हसून मी घरी आले आणि भांडी आपटली. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून बघितलं आणि शहाण्यासारखं पुन्हा आत घातलं. चांगल्या कामाचा राग धरता येत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा जाच होता. नोकरीला कंटाळलं तर सोडता येते. उपाशी माणसाच्या पोळीला कंटाळले, असं कुणाला सांगणार?

तिसरी बाई साताऱ्याकडची. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. तिने काही महिन्यांतच क्वार्टर्सची अख्खी लाइन कामाला लावली. मला म्हणाली, "ताई, तुमी आता अभ्यास करा. हितलं मी बघती." मी खरोखर कॅम्पात जायचं थांबवलं. वर्गांना बसले. परीक्षेचा अर्ज भरला. पहिला पेपर रविवारी होता.

त्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, ती दारात उभी राहिली. हातात डबा. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, डब्याकडे बघितलं. झाकण नीट बसत नव्हतं इतका भरलेला होता.

"हुकूम आला, ताई," ती म्हणाली. "राजस्थान. ह्याच आठवड्यात निघायचं."

तिला पाणी दिलं. डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू होते, एकेक निगुतीने वळलेला. मी परात घेतली, सगळे लाडू त्यात काढले, डबा फडक्याने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"आसा रिकामा?" तिने विचारलं.

"असाच. हा तुम्हीच घेऊन जा आणि जाण्याआधी कॅम्पातच कुणाला तरी द्या."

"रागावला व्हय माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही. पण आता मी तो घेणार नाही."

"आन् कुनी घेतलाच न्हाई तर?"

"तर रविवारी कॅम्पातून पोळ्या येणार नाहीत," मी म्हणाले. बोलून गेले आणि स्वतःचाच आवाज परका वाटला. तिचे डोळे भरून आले होते. डबा पदराखाली घेऊन ती निघून गेली. लाडवांची परात मी तशीच झाकून ठेवली.

रविवारी पेपर लिहिला. चांगला लिहिला. बाहेर पडले ती घरी न जाता थेट दवाखान्यात गेले. आवारात पोळ्या वाटणारी आमची बाई रिकामी टोपली आवरत होती. म्हणाली, "कॅम्पाचा डबा आला नाही आज. शेवटच्या रांगेला एकेकच पोळी दिली." शेवटच्या रांगेतला एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून तो ओळखीचं हसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तरीही त्या संध्याकाळी मी दुसऱ्या पेपरचं पुस्तक उघडलं.

पुढच्या रविवारी कॅम्पातून पोळ्या आल्या. कुणी आणल्या, मी चौकशी केली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या.

निकाल लागला त्या सुमाराला दारात बांगडीवाली उभी. तिच्या हातात तोच डबा.

"ती सातारकरीन रडत आली आमच्याकडं," ती सांगू लागली. "म्हने, ताईंनी रिकामा डबा दिला हातात. आमाला बी लाजल्यावानी झालं. मंग ठिवून घेतला." तिने झाकण काढलं. आत पेढे होते. "पास झाल्या ना तुमी? म्हून आनले."

मी पेढे ताटात काढले. डबा पुसून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. ती तो घेते की हे हात असेच पुढे राहतात, अशी भीती वाटत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमी मोठा घेतला नवा. ह्यात मावत नाय आता पोळ्या."

डबा अजून माझ्याकडेच आहे, फळीवर, रिकामा. बी.ए.चं प्रमाणपत्र कपाटात आहे. कधी रविवारी करमत नाही, तेव्हा वाटतं, काहीतरी भरून कॅम्पात नेऊन द्यावा. मग वाटतं, तो पुन्हा भरून आला तर? आणि कधी वाटतं, नाहीच आला तर?