भोकरहून येणारा आवाज

जगात कुठलीही गोष्ट एकुलती एक असू शकते, हे आमच्या साडूंना मुळातच मान्य नाही. त्यांचा एक चष्मा लातूरला घरी, तसाच दुसरा नांदेडला आमच्याकडे आणि तिसरा भोकरला ऑफिसच्या कपाटात. त्यांच्या बियाण्याच्या कंपनीची ऑफिसं या तीन गावांत आहेत, आणि एका ऑफिसातली माहिती उरलेल्या दोन्हींकडे जशीच्या तशी पोचवत राहणं हे साडूंचं काम. ती सवय घरीही सुटली नाही. लेकीला लातुरात रागावले, की नांदेडला आमच्यासमोर त्याच शब्दांत पुन्हा रागवायचे. "एक जागा बुडाली तर दुसरीकडं पायजे ना, साडूभाऊ," म्हणायचे. ती बिचारी दोन्हीकडे सारखीच मान खाली घालायची.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी आक्का, त्याच कंपनीत लातूरला फोनवर बसायची. तिथं फोन लावला की आधी तिचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा: "नमस्कार. जरा थांबा, जोडून देते." गेल्या वर्षी आक्का गेली. साहेबांच्या सांगण्यावरून साडूंनी स्वतःच्या हातानं तो आवाज पुसला आणि नव्या मुलीचा बसवला. काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला आणि आक्का म्हणाली, "जरा थांबा, जोडून देते."

पुन्हा पुसला, पुन्हा आला. हिशेब बघणाऱ्या बाईंनी सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली. नवी मुलगी फोनला हात लावीना. "जुन्या बाई सगळं ऐकून राहिल्यात," म्हणायची. मीही एकदा भरदुपारी फोन लावला, आणि आवाज ऐकताच चक्क "हो आक्का" म्हणून गेलो. अंगावरचा काटा संध्याकाळपर्यंत बसेना. शेवटी साहेबांनी साडूंना बजावलं, यापुढे हा आवाज आला तर नोकरी गेली म्हणून समजा.

त्यानंतर साडूंबरोबर भोकरला गेलो, तेव्हा उलगडा झाला. तिन्ही ऑफिसांतले सर्व्हर एकमेकांना जोडलेले, एकावरचं उरलेल्या दोन्हींवर आपोआप उतरायचं; म्हणून लातूर-नांदेडचा आवाज पुसण्याआधी ते भोकरच्या सर्व्हरची वायर काढून ठेवायचे. त्यामुळे पुसल्याचा भोकरला पत्ताच लागत नसे. नंतर वायर जोडली, की दुसरीकडे जे नाही ते भोकर इमानदारीनं भरून काढायचं. कपटी माणूस! माझ्यादेखत त्यांनी पुन्हा वायर काढली तेव्हा मी चिडलोच.

"नोकरी घालवता का? आवाज मोबाइलात घेऊन ठेवा की!"

"घेतलाय ना," ते वायरीकडे बघत म्हणाले. "पण तितं मी लावली तरच बोलती. हितं ती आपल्या मनानं येती, साडूभाऊ. मी वायर जोडून निघून जातो. कवा येईल, मला बी ठावं न्हाई."



दोन-चार दिवसांनी धीर करून बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता दाजींची काही खैर नाही. पण तिनं लातूरचा नंबर लावला, ऐकलं आणि कुणी बोलायच्या आत ठेवून दिला.

"नवीच पोरगी हाय," म्हणाली.

खरं सांगतो, भीती कुठल्या कुठं गेली होती; आक्का आली नाही याचंच वाईट वाटलं. बायको फोन हातात धरून तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं परत लावला.