पाचव्या प्रकारातली चूक

मावशीचं काम असं होतं की नीट सांगितलं तर ऐकणाऱ्याला घास गिळवत नसे, आणि न सांगितलं तर घरच्यांना वाटे की ती इस्पितळात लघवीच्या बाटल्या हलवते. म्हणून सव्वीस वर्षांत तिने सांगणंच सोडून दिलं होतं. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा तळमजल्यावरच्या तिच्या प्रयोगशाळेत येई. तो ती मेणात बसवायची, मेणाच्या वडीचे यंत्रावर काप काढायची, एकेक काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायची आणि मग रंगवायची. काप केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ. हात जरा जड पडला की कापाला सुरकुती, आणि सुरकुती पडली की वरच्या मजल्यावरून, काचपट्ट्या तपासून अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांचा फोन. काप छान आला म्हणून फोन आल्याचं तिला आठवत नव्हतं.

लग्न तिने केलं नाही. धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची एकुलती एक मुलगी त्याच इमारतीत एक मजला खाली राहत, आणि मावशी दोन्ही वेळचं जेवायला तिथेच असे. त्यामुळे भाचीची प्रत्येक जखम तिने जवळून पाहिली.

पोरीला घरात ‘रबर’ म्हणत. अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायची, कोपर उलटं वाकवायची. पाहुणे आले की मेहुणे कौतुकाने तिला करून दाखवायला लावत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. पण हीच पोर सहा वर्षांची असल्यापासून उठता-बसता पडायची. टेबलाचा कोपरा नुसता घासला तरी मांडीवर जांभळा डाग. नडगीवर एकदा खरचटलं, टाके घातले, ते दोन दिवसांत उसवले. जखम भरली तेव्हा तिथे बोटभर रुंद, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी उरली. आई म्हणे, धांदरट आहे. शाळेत खेळाचे सर म्हणत, अंगचोर आहे. एकदा वर्गशिक्षिकेने मेहुण्यांना बोलावून, दार लावून घेऊन विचारलं की घरी कोणी हात उगारतं का. मेहुण्यांनी त्या दिवसापासून पाहुण्यांपुढचे खेळ बंद केले.

डॉक्टर कमी केले असं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या संपल्यावर आणखी दिल्या. पोर पंधराची असताना केस विंचरता विंचरता तिचा खांदा निखळला. तो बसवून झाल्यावर एका तज्ज्ञांनी आईला बाजूला घेऊन समजावलं की या वयात मुली लक्ष वेधून घेतात, फार मनावर घेऊ नका. भाची पडद्यामागेच होती. तिने ऐकलं. घरी येऊन तिने आरशासमोरचा कंगवा उचलून कपाटाच्या वर फेकला आणि पुढचे आठ दिवस केस तसेच ठेवले.

त्याच सुमारास बहिणीच्या मैत्रिणीने कोलॅजेन पावडरीचा डबा आणून दिला. सांधे, कातडी, केस, सगळ्यावर एकच इलाज. बहीण रोज सकाळी दुधात दोन चमचे कालवून पोरीपुढे धरू लागली. मावशीने आठवडाभर ओठ मिटून पाहिलं, मग राहवेना.

‘‘अगं, कोलॅजेन म्हणजे काही एक वस्तू नव्हे,’’ ती म्हणाली. ‘‘अठ्ठावीस प्रकार आहेत त्याचे.’’

आणि जे सव्वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने त्या जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. पहिला प्रकार अंगात सगळ्यांत जास्त. हाडांत तो, कातडीत तो, स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांत तो. तिच्या रंगात तो निळाशार उठून दिसतो. दुसरा सांध्यांमधल्या कूर्चेत, गादीसारखा दाब सोसणारा. तिसरा बारीक, रक्तवाहिन्यांच्या आणि आतड्यांच्या भिंतीत जाळी धरून असतो. त्याच्यासाठी चांदीचं द्रावण घालावं लागतं, तेव्हा कुठे काळ्या रेघा उमटतात. चौथ्याची दोरी होतच नाही, पातळ चादर होते, आणि मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं ते त्या चादरीतून. पाचवा अगदी थोडा, पहिल्याच्याच पोटात दडलेला. पण पहिल्याच्या दोऱ्या किती जाड व्हायच्या हे ठरवायला तो लागतो. तो कमी पडला की दोऱ्या कुठे लठ्ठ, कुठे वाकड्या, आणि कातडी ओढली की ताणली जाते, लागलं की फाटते.

‘‘मग या डब्यात कितवा आहे?’’ बहिणीने विचारलं.

‘‘बहुतेक पहिला, जनावराच्या कातडीचा. पोटात गेला की त्याचे तुकडे तुकडे होतात, अंड्याचे होतात तसेच.’’

‘‘अंडी ती रोज खातेच की. त्याने काय फरक पडला?’’

‘‘तेच तर सांगतेय. खाण्याचा प्रश्नच नाही हा. तिचं शरीर दोऱ्या वळतं त्यातच काहीतरी चुकतंय.’’

बहिणीने चमचा खाली ठेवला. ‘‘तू डॉक्टर आहेस का गं?’’

मावशी पान तसंच टाकून वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरसाहेबांना गाठलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, आपण काचपट्टीवर आलेलं बघतो, नातेवाइकांना बघत नाही, असं सांगितलं आणि चष्मा पुन्हा खाली घेतला. तेव्हा मावशीच्या मनात आलं, ठीक आहे, काचपट्टीवरच आणते.

इस्पितळातल्या शल्यचिकित्सकाला तिने नडगीची ती रुंद खूण काढून नव्याने शिवायला राजी केलं, आणि कडेच्या चांगल्या कातडीचा तुकडाही प्रयोगशाळेत पाठवायला लावला. बाटली खाली आली. चिठ्ठीवर भाचीचं नाव. हे काम ती दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नव्हती. तिने स्वतः वडी केली, काप काढले, एका पट्टीला निळा रंग, दुसरीला चांदी. इतके सुरेख काप तिच्या हातून वर्षात आले नव्हते. मग ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली.

काहीच नव्हतं. खुणेच्या जागी खुणेसारखं, कातडीच्या जागी कातडीसारखं. निळ्या दोऱ्या होत्या, त्या इतर कोणाच्याही कातडीत असतात तशा. तिने भिंग बदललं, उजेड कमी केला, जास्त केला, शेजारी दुसऱ्या कोणाच्या कातडीची जुनी पट्टी ठेवून पाहिली. मान अवघडली. डॉक्टरसाहेबांचा अहवाल दोन ओळींचा आला: भरलेल्या जखमेची खूण, विशेष काही नाही. पंधरवड्याने नवे टाकेही रुंदावले. बहिणीने अहवाल फायलीत लावला आणि म्हणाली, ‘‘बघ. उगाच पोरीला आणखी एकदा कापलंस.’’

मावशीला बहिणीपेक्षा स्वतःचाच राग आला. सव्वीस वर्षं जे कापलं, रंगवलं, जे आपल्याला पाठ आहे असं ती समजत होती, तेच घरच्या माणसापुढे मुकं राहिलं. चिडून ती वाचत सुटली. वाचता वाचता समजलं की पाचव्या प्रकारातली चूक साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही. दोऱ्यांची जाडी कळायला त्याच्या कैक पटींनी मोठं दाखवणारं यंत्र लागतं, आणि पक्कं कळतं ते रक्तावरून, जनुकांच्या तपासणीने. हे डॉक्टरसाहेबांना माहीत नव्हतं की माहीत असून त्यांनी लिहिलं नाही, हा विचार तिला जास्त जाळू लागला.

पुढे सहा महिने गेले ते कागदांच्या मागे. तपासणीसाठी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांची वेळ हवी. वेळेसाठी दुसऱ्या डॉक्टरांची शिफारस हवी. हाडांचे डॉक्टर म्हणत कातडीच्यांनी द्यावी, कातडीचे म्हणत हाडांच्यांनी. खिडकीतल्या कारकुनाने एकदा अर्ज परत केला, कारण तक्रारीच्या चौकटीत मावशीने दोन तक्रारी लिहिल्या होत्या आणि चौकट एकीची होती. ‘‘मग खांदा ठेवू की कातडी?’’ तिने विचारलं. तो शांतपणे म्हणाला की तुम्हीच ठरवा. तिने खांदा ठेवला.

अखेर वेळ मिळाली तेव्हा भाची सतरा वर्षांची होती. तिघी गेल्या. या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी आधी फाईल मिटून ठेवली आणि पोरीला बोलू दिलं. मग अंगठे वाकवून पाहिले, कोपराजवळची कातडी चिमटीत धरून हलकेच ओढली, नडगीची खूण बोटाने चाचपली.

‘‘किती वर्षं झाली हे?’’

‘‘अकरा,’’ भाची म्हणाली.

डॉक्टरीणबाई आईकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुमचे हात दाखवा.’’

बहीण गोंधळली. तिने हात पुढे केले. बाईंनी तिचा अंगठा मागे दाबला, तो अलगद मनगटाला टेकला. गुडघे दाखवायला सांगितले. दोन्ही गुडघ्यांवर तशाच पापुद्र्यासारख्या रुंद खुणा होत्या. मावशी पाहतच राहिली. लहानपणी बहीण पडली की वडील तिलाच रागवायचे, आणि शाळेच्या वाटेवर तिला फरफटत नेणारी, ‘नीट चालता येत नाही का’ म्हणून खेकसणारी मावशी स्वतः होती. खुणा दिसल्या नव्हत्या असं नाही. बघितल्या नव्हत्या.

रक्त दोघींचं गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: दोघींमध्ये पाचव्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जनुकात तीच एक चूक. आजाराला नाव होतं, एहलर्स-डॅनलॉस. औषध नव्हतं. उड्यांचे खेळ बंद, हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने, टाके घालायचे तर थरांत, ताण न देता, आणि दुप्पट दिवस ठेवायचे.

मावशीला वाटलं होतं, नाव कळलं की पोर सुटकेचा श्वास टाकेल. पोर भडकली. अकरा वर्षं मला धांदरट म्हणालात, म्हणाली. आता म्हणता चूक जनुकात आहे. बहीण रडली, पण पोरीसाठी की स्वतःसाठी ते कोणी विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी भांडी पुसता पुसता ती मावशीला एवढंच म्हणाली, ‘‘मला वाटायचं मीच तशी आहे.’’ मावशीने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पुसून जागेवर ठेवलं.

मावशी डॉक्टरसाहेबांकडे पुन्हा गेली. अशा तुकड्यांच्या अहवालात निदान एक ओळ लिहा, म्हणाली, की या तपासणीत हा दोष दिसत नाही, संशय असेल तर रक्त पाठवा. ते म्हणाले, जे दिसतं ते मी लिहितो. न दिसणाऱ्या गोष्टी लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही. तीन वेळा गेली. चौथ्यांदा त्यांनी दार लावून घेतलं. ओळ अजून आलेली नाही.

पुढच्या वर्षी भाचीच्या हनुवटीला कपाटाचं दार लागलं. इस्पितळात तरुण डॉक्टर आला, जखम धुतली आणि दोन टाके पुरतील म्हणून सुई उचलली. मावशीने तोंड उघडलं, पण त्याआधी भाचीने पिशवीतून घडी घातलेला कागद, टाके कसे घालायचे ते डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला, काढून त्याच्या हातात दिला.

‘‘आधी हे वाचा,’’ ती म्हणाली. ‘‘मग शिवा.’’

तो वैतागला. वाचू लागला. मध्येच थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि मोठ्या डॉक्टरांना विचारून येतो म्हणून निघून गेला. हनुवटीवर गॉज दाबून भाची बाकावर बसली. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. पाऊण तास झाला तरी कोणी आलं नव्हतं.

‘‘मी जाऊन बघू का?’’ तिने विचारलं.

‘‘बस गं मावशी,’’ भाची म्हणाली. ‘‘कागद त्याच्याकडे आहे. यावंच लागेल त्याला.’’