नेणारा की येणारा

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात सगळ्यांच्या पायात येतो म्हणून मी तिथे जाऊ लागलो होतो. काम सोपं होतं. मूळ प्रत मी मोठ्याने वाचायची आणि समोर बसून तिने प्रूफ तपासायचं. सगळे तिला 'कानामात्रा' म्हणत, कारण एकही काना तिच्या तावडीतून सुटत नसे. मी मध्येच खोकलो, तर म्हणाली, "मास्तर, हा स्वल्पविराम की पूर्णविराम?"

तिची एक सवय मला विचित्र वाटे. डोळ्यांत औषध घालतानाही ती एका वेळी एकच डोळा मिटायची.

कारण तिनेच डबा खाताना सांगितलं. ती दहा वर्षांची असताना तिचा दादा एका गुप्त विद्या शिकवणाऱ्या गुरूच्या नादी लागला. गुरू त्याला न्यायला घरी आला, तेव्हा ती दादाचा शर्ट सोडेना.

"गुरू म्हणाला, डोळे मीट आणि शंभर मोज, मग दादा दिसेल. एक्क्याण्णवला कडी वाजली, मास्तर. तरी मी शंभरापर्यंत मोजलं. शहाणी ना मी."

दादा पुन्हा दिसला नाही.

पुढे एका सकाळी 'मिस्टॅगॉग' हा शब्द आला. मी वाचलं, "गूढ धर्मविधींची दीक्षा देणारा गुरू. मूळ ग्रीक. पहिल्या भागाच्या मुळाशी मिटणे, डोळे किंवा ओठ. दुसऱ्याच्या मुळाशी नेणे. म्हणजे, डोळे मिटलेल्याला नेणारा."

पेन्सिल थांबली. "शेवटचं परत वाचा."

"नेणारा."

"इथे 'येणारा' छापलंय."

एका अक्षराची चूक. एरवी तिने ती बोलता बोलता सुधारली असती.

"राहू द्यायचं का, मास्तर? कोण बघतंय?"

राहू दे, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण म्हणालो, "तू बघते आहेस."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आम्ही दोघंही दाराकडे पाहत राहिलो. पावलं दारापाशी जराशी रेंगाळली आणि वरच्या मजल्यावर गेली. मग तिने 'ये' खोडलं आणि समासात बारीक अक्षरात 'ने' लिहिलं.

"शब्द सुधारला," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे."

कोश छापून झाला. ती लहानपणच्या त्याच घरात एकटी राहते, आणि दुपारी आडवी होतानाही दाराला कडी लावत नाही.